पगाराच्या पाकिटातील चिठ्ठी

दिवाळीच्या आगेमागे आम्हा पेन्शनरांना आणखी एक विधी करावा लागतो. नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण हयात असल्याचा दाखला द्यायचा. गेल्या वर्षी माझ्यासोबत मुलगा आला होता. मी निवृत्त शिक्षक, तोही शिक्षकच. पण तो १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागला, त्यामुळे मला मिळाली तशी पेन्शन त्याच्या वाट्याला आली नाही; त्याच्या पगारातून दरमहा कपात होते. रांगेत उभ्या उभ्या तो म्हणाला, “बाबा, निवडणूक आली की सगळेच आमच्या पेन्शनविषयी बोलतात. खरे कोणाचे मानायचे?”

जन्मभर इतिहास शिकविलेल्या माणसाला अशा वेळी मागचेच आठवते. मला अमेरिकेतील १९३६ ची निवडणूक आठवली.

१९२९ नंतरच्या महामंदीत बँका बुडाल्या आणि म्हाताऱ्यांची आयुष्यभराची शिल्लकही गेली. कॅलिफोर्नियातील डॉक्टर फ्रान्सिस टाउनसेंड यांनी तोडगा काढला: साठी उलटलेल्या प्रत्येक निवृत्ताला सरकारने दरमहा २०० डॉलर द्यावेत, अट एवढीच, की ते महिन्याच्या आत खर्चून टाकावेत. हिशेब जमणारा नव्हता, पण देशभर त्यांची मंडळे निघाली. या वातावरणात अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १४ ऑगस्ट १९३५ रोजी सामाजिक सुरक्षा कायद्यावर सही केली. कामगाराने आणि मालकाने पगाराच्या एकेक टक्का भरायचा आणि पासष्टीनंतर कामगाराला दरमहा रक्कम मिळायची. शेतमजूर आणि घरकामगार मात्र कायद्याबाहेर राहिले, आणि त्यांत कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती.

गोम तारखांत होती. कपात जानेवारी १९३७ पासून, मासिक पेन्शन १९४२ पासून, आणि मतदान नोव्हेंबर १९३६ मध्ये! रिपब्लिकन उमेदवार आल्फ्रेड लँडन यांनी २६ सप्टेंबरला मिलवॉकी येथे या कायद्यावर तोफ डागली. कायदा अन्यायकारक आहे, अव्यवहार्य आहे, सक्तीची ही बचत म्हणजे कामगारांची क्रूर फसवणूक आहे, असे ते म्हणाले. सरकार जमलेला पैसा खर्चून टाकील आणि तिजोरीत स्वतःच्याच हुंड्या ठेवील, हा त्यांचा मुख्य आक्षेप. गरजू वृद्धांनाच मदत द्यावी, हा त्यांचा पर्याय. पण प्रचार इथे थांबला नाही. मतदानाच्या तोंडावर अनेक कारखान्यांत पगाराच्या पाकिटांतून चिठ्ठ्या निघाल्या: जानेवारीपासून तुमचा पगार कापला जाणार! मालकही तेवढाच हिस्सा भरणार आहे, हे त्यांत नव्हते. ३१ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या सभेत रूझवेल्ट यांनी या चिठ्ठ्यांचा खरपूस समाचार घेतला.

लँडन यांना मेन आणि व्हर्मांट ही दोनच राज्ये मिळाली. तथापि हरलेल्याचे सारेच चुकीचे नसते. प्रचंड राखीव निधी साठविण्याच्या बेतावरचा आक्षेप पुढे इतरांनीही उचलला, आणि १९३९ च्या दुरुस्तीत तो बेत बराच सैल झाला. पेन्शनही १९४० पासूनच सुरू झाली. ३१ जानेवारी १९४० च्या पहिल्या मासिक धनादेशाचा मान मिळाला लडलो गावच्या आयडा मे फुलर या बाईंना. हे गाव लँडन यांना निवडणाऱ्या व्हर्मांटमधले! बाईंनी तीन वर्षांत भरले होते २४.७५ डॉलर, पहिलाच धनादेश आला २२.५४ चा. त्या शंभर वर्षे जगल्या आणि त्यांना एकूण बावीस हजारांहून अधिक डॉलर मिळाले.

हा पैसा आकाशातून पडला नव्हता. मागून येणाऱ्यांच्या पगारातून तो आला होता. म्हणूनच हा वाद मिटत नाही. १९८३ मध्ये पूर्ण पेन्शनचे वय पासष्टवरून हळूहळू सदुसष्ट करण्याचे ठरले. त्याचा भार पडला तो त्या वेळच्या तरुणांवर. २००५ मध्ये अध्यक्ष बुश यांनी या वर्गणीचा काही भाग खासगी खात्यांत वळविण्याची योजना मांडली, ती बारगळली. ज्यांनी भरले आहे ते हक्क सोडत नाहीत, हे रूझवेल्ट यांनी आधीच ओळखले होते.

मी मुलाला म्हणालो, “कोण किती देणार हे सगळेच सांगतात. कोण भरणार आणि केव्हापासून, एवढे विचार. जो ते सांगेल, त्याचे ऐक.”

“म्हणजे तुमची पेन्शन आज आमच्या करातून येते, असेच ना?” तो हसून म्हणाला.

मी दाखल्यावर सही केली. परतीच्या रिक्षाचे पैसे मात्र मीच दिले.