मलिक अंबर : गुलाम राज्यकर्ता झाला, गुलामगिरी तशीच राहिली

औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. त्याआधी आणि त्यानंतर नावावरून पुष्कळ वाद झाला. एक बाजू औरंगजेबावर बोलली, दुसरी संभाजी महाराजांवर. ज्याने हे शहर वसवले, त्याचे नाव मात्र फारसे कोणी घेतले नाही. तो आफ्रिकेतून आला होता आणि बाजारात मालासारखा विकला गेला होता. त्याचे नाव मलिक अंबर.

दर १४ जानेवारीला नवी मुंबईतूनही आपली मुले नामविस्तार दिनासाठी तिथे जातात. विद्यापीठाच्या गेटसमोर नतमस्तक होतात, मिलिंद महाविद्यालय पाहतात. १९७८ चा विधिमंडळाचा ठराव ते १९९४ चा नामविस्तार, या सोळा वर्षांत एका नावासाठी आपल्या लोकांनी घरे आणि जीव गमावले. नाव पुसले जाणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणूनच या विस्मृतीत गेलेल्या माणसाकडे आपण नीट पाहिले पाहिजे. केवळ अभिमानासाठी नव्हे. त्याच्या आयुष्यात आपल्या चळवळीसाठी एक कठीण प्रश्न दडलेला आहे.

विकला गेलेला मुलगा

अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. येमेनमधील मोखा बंदरात तो ८० गिल्डरना विकला गेला, अशी नोंद डच व्यापारी पीटर व्हॅन डेन ब्रूक याने केली आहे. हा ब्रूक पुढे दख्खनमध्ये प्रत्यक्ष अंबरला भेटला होता.

हा व्यापार एकतर्फी नव्हता. आपल्याकडचे कापड तिकडे जात होते आणि त्याच व्यापारातून माणसे इकडे येत होती. दख्खनच्या दरबारांत दख्खनी आणि परदेशी सरदारांची सतत चढाओढ असे. त्यामुळे सुलतानांना असे लढवय्ये हवे असत, ज्यांना इथे भाऊबंद नाहीत, गोत नाही, आणि जे फक्त मालकाशी बांधलेले राहतील. हबशी गुलाम त्यासाठीच आणले जात.

चापूला बगदादचा व्यापारी मीर कासिम याने विकत घेतले, शिकवले आणि अंबर हे नाव दिले. पुढे निजामशाहीचा पेशवा चंगीझ खान याने त्याला खरेदी केले. हा चंगीझ खानही एकेकाळी हबशी गुलामच होता. १५७४-७५ च्या सुमारास तो मारला गेला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले.

राज्यकर्ता अंबर

पुढची वीस वर्षे तो भाडोत्री शिपाईगिरी करत राहिला. विजापूरकरांकडे असताना त्याला 'मलिक' ही पदवी मिळाली. १५९५ मध्ये तो अहमदनगरला परतला तेव्हा त्याच्यासोबत जेमतेम दीडशे स्वार होते. १६०० मध्ये चांदबिबी मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. निजामशाही संपली असेच सगळ्यांना वाटले. अंबरने राजघराण्यातला एक मुलगा शोधून परांड्याला गादीवर बसवला, त्याला आपली मुलगी दिली आणि कारभार स्वतःच्या हाती घेतला. त्यानंतर पंचवीस वर्षे अकबर आणि जहांगीर या दोन बादशहांना त्याने दख्खन सुखाने पचू दिले नाही.

समोरासमोर न भिडता रसद तोडायची आणि डोंगराळ मुलखात शत्रूला दमवायचे, हे त्याचे तंत्र. त्यासाठी त्याने मराठा स्वार मोठ्या संख्येने सैन्यात घेतले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्याने तलावाचे पाणी सोडून मोगल आणि आदिलशाही फौजांची दाणादाण उडवली. शहाजीराजे या लढाईत होते. त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. मराठ्यांच्या गनिमी काव्याची चर्चा करताना या हबशी सेनापतीला वगळणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा आहे.

जहांगीर त्याला कायमचा हरवू शकला नाही. मग त्याने अंबरचे शिर भाल्यावर टांगलेले आणि आपण त्यावर बाण सोडतो आहोत असे चित्र काढून घेतले. आपल्या आठवणींत त्याने अंबरला रंगावरून शिव्या घातल्या आहेत. रणांगणावर न जमलेले काम बादशहाने रंगपेटीतून उरकले!

१६१० च्या सुमारास अंबरने खडकी येथे नवी राजधानी वसवली. डोंगरातले पाणी भूमिगत नळांनी शहरात आणणारी नहर-ए-अंबरी ही त्याचीच. महसुलात त्याने मक्तेदारी बंद केली, जमिनीची प्रत आणि पीक पाहून सारा ठरवला. १६२६ मध्ये तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. मुलगा फतेह खान याने खडकीचे फतेहनगर केले, १६५३ मध्ये औरंगजेबाने औरंगाबाद केले, आणि २०२३ मध्ये शासनाने छत्रपती संभाजीनगर. नावे बदलत गेली, पण अंबरचे नाव त्या शहराला कधीच मिळाले नाही.

आता मूळ प्रश्न

आपल्याकडचे काही मित्र उत्साहाने म्हणतात, "बघा, गुलामसुद्धा राजा झाला. कर्तृत्व असेल तर कोणीही वर येतो." हा निष्कर्ष घातक आहे.

अंबर वर येऊ शकला, कारण तो खरेदीने गुलाम होता. विकत घेतलेला माणूस मालकाच्या शब्दाने सुटू शकतो. हबशी सरदारांची मुले गुलाम म्हणून जन्मत नव्हती. जातीत तसे नाही. अस्पृश्याला कोणी विकत घेतलेले नव्हते, मग त्याला मुक्त कोण करणार? चंगीझ खानाच्या विधवेने एका शब्दात अंबरला सोडले. महाराला असे सोडू शकेल अशी कोणतीही मालकीण या देशात नव्हती. बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करून अस्पृश्यता अधिक वाईट का, हे सविस्तर मांडले आहे. अंबरचे चरित्र त्या मांडणीचा जिवंत पुरावा आहे.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. स्वतः बाजारात विकला गेलेला अंबर सत्तेवर आला, पण त्याच्या राज्यात माणसांची खरेदी थांबली नाही. त्याच्या फौजेत हबशी गुलामांची भर पडतच राहिली. वसुलीचे काम ब्राह्मण कारभाऱ्यांकडे आणि देखरेख मुसलमान अधिकाऱ्यांकडे होती, असे ग्रँट डफ लिहितो. पाटील-कुलकर्ण्यांची वतने चालू राहिली आणि गावकुसाबाहेरची वस्ती गावकुसाबाहेरच राहिली. त्याने सारा न्याय्य केला हे खरे, पण गावाच्या उतरंडीला हात लावला नाही. महार वतनाच्या वेठीविरुद्ध विधेयक यायला १९२८ साल उजाडावे लागले. ते बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात मांडले.

आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात, जंजिऱ्यावर, सिद्दी नवाबांचे राज्य १९४८ पर्यंत होते. त्यामुळे सिद्दी समाजाचा उद्धार झाला का? कर्नाटकातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीत यायला २००३ पर्यंत थांबावे लागले. तख्तावर आपला माणूस बसला म्हणजे समाज तख्तावर बसला असे होत नाही.

अंबरला चारशे वर्षांनंतरच्या फूटपट्टीने मोजता येणार नाही, असे कोणी म्हणेल. मान्य. त्याच्या काळात गुलामगिरी मुळातून बंद करण्याचा विचार राज्यकर्त्यांपुढे क्वचितच होता. म्हणून दोष त्याला नाही. पण आपल्यापुढे तो विचार आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती एखाद्या यशस्वी गुलामाला नव्हे, तर निग्रो गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. फुल्यांना प्रथा संपवणारे महत्त्वाचे वाटले. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले, तेही निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या अर्जाची प्रत मागण्यासाठी, म्हणजे सामुदायिक हक्कासाठी.

तुर्भे, दिघा भागातल्या वस्त्यांत काम करताना तरुण मला विचारतात, "ताई, आपला एक नगरसेवक झाला, एक मोठा कंत्राटदार झाला, एक कलेक्टर झाला. मग गटारात उतरणारा अजून आपलाच का?" या प्रश्नाचे उत्तर अंबरच्या चरित्रात आहे. एक माणूस व्यवस्थेतून निसटला, म्हणून व्यवस्था मोडत नाही. निसटलेला माणूस पुष्कळदा तीच व्यवस्था अधिक चांगली चालवू लागतो. आपल्या नगरसेवकाला, कंत्राटदाराला, अधिकाऱ्याला म्हणूनच विचारले पाहिजे : तुमच्या सहीने सफाई कामगार कायम झाले का? तुमच्या कंत्राटात किमान वेतन मिळते का?

दलित पँथरने १९७२ मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून नाव घेतले आणि ते योग्यच केले. पण आफ्रिकेशी आपले नाते त्याच्या कितीतरी आधी, याच मराठी मुलखात सुरू झाले आहे. येत्या १४ जानेवारीला गेटवर जाल, तेव्हा थोडे पुढे खुलताबादलाही जा. त्या कबरीपाशी अभिमान जरूर बाळगा, आणि परतताना आपल्या गटात या प्रश्नावर चर्चा ठेवा : आपल्याला अंबर व्हायचे आहे, की बाजारच बंद करायचा आहे?

जय भीम!