तारेच्या कुंपणाआतले सोलापूर : कायदा कृत्य पाहतो की जन्म?

१/ थ्रेड. सोलापुरात रिक्षावाल्याला ‘सेटलमेंट’ एवढेच सांगितले तरी तो पुढचा पत्ता विचारत नाही. त्याच परिसरातील वसाहतींच्या पाट्यांवर आजही ‘फ्री कॉलनी’ असे लिहिलेले असते. ही ‘फ्री’, तर मग मुक्त नसलेली वसाहत कोणती होती? आणि तिच्यातील माणसांचा अपराध काय होता?

२/ ती वसाहत तारेच्या कुंपणाआत होती. कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट, मांग-गारुडी अशा जमातींची कुटुंबे तेथे ठेवलेली होती. ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची. बाहेर जायचे तर पास हवा. यांतील अनेकांवर कोणत्याही न्यायालयात एकही गुन्हा शाबीत झालेला नव्हता. विशिष्ट जमातीत जन्म, एवढे कारण पुरेसे होते.

३/ याचे मूळ १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात आहे. सरकारने अधिसूचना काढून एखादी जमात ‘गुन्हेगार’ ठरवायची, तिच्या लोकांची नोंदवही करायची आणि हद्द आखून द्यायची. विनापरवाना हद्द ओलांडणे हाच गुन्हा. त्यांच्या हालचालींची खबर पोलिसांना देण्याचे कर्तव्य गावच्या प्रमुखावर आणि जमीनमालकांवरही टाकलेले होते.

४/ त्याहून महत्त्वाचे कलम असे : या अधिसूचनेच्या वैधतेला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही. मित्रहो, येथे क्षणभर थांबा. शिक्षा कठोर असणे ही एक गोष्ट. पण ‘मी तो नव्हे’ हे सांगायला दारच न ठेवणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे.

५/ आता समुद्रापलीकडे पाहू. १९०७ मध्ये ट्रान्सवाल सरकारने तेथील आशियाई लोकांना नोंदणीची सक्ती केली. बोटांचे ठसे द्यायचे, दाखला जवळ बाळगायचा, पोलिसाने मागताच दाखवायचा. हिंदी माणसांनी त्याला ‘काळा कायदा’ म्हटले. ऑगस्ट १९०८ मध्ये जोहान्सबर्ग येथे गांधीजींच्या नेतृत्वाखाली हे दाखले जाळण्यात आले.

६/ त्या अपमानाने हिंदुस्थान पेटून उठला. १९१० मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी नाताळला करारबद्ध मजूर पाठवणे थांबवावे, असा ठराव मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला आणि तो संमत झाला. पुढच्याच वर्षी, १९११ मध्ये, त्याच कायदेमंडळातून गुन्हेगार जमातींचा अधिक कडक कायदा बाहेर पडला. तो आता सर्व ब्रिटिश हिंदुस्थानला लागू होऊ शकत होता.

७/ या नव्या कायद्यातही नोंदणी होती, बोटांचे ठसे होते, हालचालींवर बंदी होती. शिवाय मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याचा अधिकारही होता. परदेशात आपल्या माणसांना जे सोसावे लागले त्याची चीड आपल्याला आली. वेशीबाहेरच्या पालांत राहणाऱ्यांचे तेच दुःख मात्र तितके टोचले नाही.

८/ दुसरी बाजूही नीट ऐकली पाहिजे. दरोडे पडत होते, लोक लुटले जात होते. त्यांना संरक्षण देणे हे राज्याचे कर्तव्यच होते. मुंबई इलाख्यात सेटलमेंटचे काम पाहणारे स्टार्ट आणि सोलापुरात हे काम हाती घेतलेले अमेरिकन मराठी मिशन यांनी शाळा काढल्या, रोजगार दिला. यातील सद्भाव नाकारण्याचे कारण नाही.

९/ पण या सद्भावातच कायद्याचे खंडन दडले होते. विणकराचा मुलगा विणकर, तसा चोराचा मुलगा चोर, या समजुतीवर १८७१ चा कायदा उभा होता. सोलापुरात याच ‘जन्मजात गुन्हेगारां’नी कापडगिरण्यांतील यंत्रे चालवली. गुन्हा रक्तात असता तर हे कसे घडले असते? आणि रक्तात नव्हता, तर कुंपण कशासाठी?

१०/ मुंबई राज्याने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला. अनंतशयनम अय्यंगार समितीच्या अहवालानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभरातून गेला. म्हणून तो ‘विमुक्त दिन’. १९६० मध्ये पंडित नेहरूंनी येथे येऊन सेटलमेंटची तार तोडली, ही आठवण सोलापूर आजही सांगते. मात्र १९५९ मध्येच मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला होता. तो व्यक्तीपुरता होता. संशयाची जुनी सवय मात्र जमातीला चिकटून राहिली.

११/ हा इतिहास आज का आठवायचा? २०१० मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्याने बेकायदा स्थलांतरितांविरुद्ध कडक कायदा केला. २०१२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने वादग्रस्त चारपैकी तीन कलमे रद्द केली. अडवलेल्या माणसाचा दर्जा तपासण्याचे कलम राहिले. आपल्याकडेही १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याने ‘मी परका नाही’ हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच टाकला होता.

१२/ सीमा राखणे हा राज्याचा अधिकार आहे. परवान्याविना देशात शिरणे हे कृत्य आहे, जन्म नव्हे. म्हणून हे कायदे आणि सेटलमेंट एकच, असे मी म्हणणार नाही. पण कोणत्याही कडक कायद्याला तीन प्रश्न विचारता येतात. संशय कृत्यावरून घेतला जातो की चेहरा, भाषा, जात पाहून? न्यायालयाचे दार उघडे आहे का? आणि ज्याच्याजवळ कधी कागदच नव्हता, त्याने पुरावा आणायचा कोठून?

१३/ तिसरा प्रश्न भटक्यांसाठी आजही जिवंत आहे. पिढ्यान्‌पिढ्या पालात राहिलेल्या कुटुंबाकडे सातबारा कोठला आणि जन्मदाखला कोठला? गंमत अशी की, ज्यांची नावे सरकारने एके काळी सर्वांत काटेकोरपणे नोंदवून ठेवली, त्यांच्याच नातवंडांना आज जातीच्या दाखल्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात.

१४/ पुढच्या वेळी सेटलमेंटवरून जाल तेव्हा ‘फ्री कॉलनी’ची पाटी अवश्य वाचा. एका शहराने आपल्याच माणसांना मोकळे केल्याची ती नोंद आहे. म्हणजेच आधी कोंडल्याची कबुलीही. तुमच्या घरी आजी-आजोबांकडून हजेरीच्या, पासच्या आठवणी ऐकल्या असतील, तर त्या खाली जरूर लिहा. अशा आठवणी दफ्तरात सापडत नाहीत. (समाप्त)