सॅलिसबरीची सर्दी-छावणी

इंग्लंडमधल्या सॅलिसबरी शहराच्या कडेला, हार्नम भागातल्या उंचवट्यावर, १९४६ ते १९९० या काळात एक संशोधन केंद्र चालले. ‘कॉमन कोल्ड युनिट’ हे त्याचे नाव आणि सर्दी-पडशाचा अभ्यास हे त्याचे काम. सर्दीवरचे औषध तिथे सापडले नाही. पण मनावरचा ताण माणसाला संसर्गापुढे दुबळा करतो का, या फार जुन्या प्रश्नाचे मोजूनमापून काढलेले भक्कम उत्तर याच बराकींतून आले.

या बराकी मुळात युद्धासाठी उभ्या राहिल्या होत्या. बॉम्बहल्ल्यांमुळे ब्रिटनमध्ये साथी पसरतील या भीतीने हार्वर्ड विद्यापीठ आणि अमेरिकन रेडक्रॉस यांनी १९४१ मध्ये तिथे साथरोगांचे रुग्णालय उभारले. युद्ध संपल्यावर ही जागा ब्रिटिश सरकारकडे आली आणि १९४६ मध्ये विषाणुतज्ज्ञ क्रिस्टोफर अँड्र्यूज यांनी तिथे सर्दीवरचे काम सुरू केले. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या प्राण्यांना माणसाची सर्दी जडत नाही. त्यामुळे सर्दी अभ्यासायची तर माणसेच हवी होती.

ती मिळालीही. दहा दिवस राहायला जागा, जेवण आणि थोडा हातखर्च, एवढ्यावर विद्यार्थी, गृहिणी, सुट्टीवर आलेली जोडपी तिथे येत. दोघा-तिघांना मिळून एक स्वतंत्र घर मिळे आणि जेवण दाराशी पोचे. फिरायला मोकळीक होती, मात्र इतर माणसांपासून तीस फुटांचे अंतर राखावे लागे. आधीच कोणी सर्दी घेऊन आला असेल तर ती उघडी पडावी म्हणून पहिले काही दिवस नुसते थांबायचे. मग नाकात थेंब घातले जात. त्यांत विषाणू आहे की नुसते मिठाचे पाणी, हे ना स्वयंसेवकाला ठाऊक असे, ना रोज तपासणाऱ्या डॉक्टरला. नाक शिंकरायला किती कागदी रुमाल लागले याचीही मोजदाद होई. केंद्राच्या साऱ्या आयुष्यात असे सुमारे वीस हजार लोक तिथे राहून गेले. विज्ञानाच्या इतिहासात नावे न उरलेल्या या माणसांचे ऋण मोठे आहे.

गारठ्याने सर्दी होते हा समजही इथे तपासला गेला. गरम पाण्याने आंघोळ केलेल्या स्वयंसेवकांना ओलेत्याने वाऱ्याच्या बोळात उभे केले, नंतर ओले मोजे घालायला लावले. नुसत्या गारठ्याने कोणी आजारी पडले नाही. पुढे डेव्हिड टिरेल यांच्या नेतृत्वाखाली १९६० च्या दशकात माणसाच्या कोरोना विषाणूंवरचे सुरुवातीचे महत्त्वाचे काम याच केंद्रात झाले.

एक कोडे मात्र पहिल्यापासून होते. एकाच बाटलीतले तेवढेच थेंब घातले, तरी काहींना सर्दी होई, काही ठणठणीत राहत. आधीच्या संसर्गातून अंगी आलेली प्रतिपिंडे हे त्याचे एक कारण, पण तेवढ्याने कोडे सुटत नव्हते.

मनाकडे बोट दाखवणारा पुरावा तोवर दुसरीकडे जमत होता. १९३६ मध्ये माँट्रियलमध्ये हान्स सेल्ये यांना दिसले, की कोणत्याही तीव्र माऱ्याखाली उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी फुगतात आणि प्रतिकारशक्तीशी जोडलेली थायमस ग्रंथी आक्रसते. १९७५ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात रॉबर्ट एडर आणि निकोलस कोहेन यांनी उंदरांना सॅकरिनच्या गोड पाण्याच्या जोडीने प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिले. पुढे औषध न देता नुसते गोड पाणी पाजले तरी प्रतिपिंडे कमी निघाली. चवीची आठवण प्रतिकारशक्तीपर्यंत पोचत होती. माणसांबाबत मात्र भर होता तो परीक्षेच्या काळात किंवा दुःखाच्या प्रसंगी घेतलेल्या रक्ततपासण्यांवर. रक्तातल्या पेशी बदलल्या म्हणून माणूस खरोखर आजारी पडतो, हे त्यातून सिद्ध होत नव्हते.

ते तपासायला सॅलिसबरीसारखी दुसरी जागा नव्हती. टिरेल, अँड्र्यू स्मिथ आणि पिट्सबर्गचे मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन यांनी केंद्राच्या अखेरच्या वर्षांत हा अभ्यास केला. नाकात थेंब घालण्याआधी स्वयंसेवकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या: गेल्या वर्षभरात आयुष्यात काय काय घडले, संकटे आवाक्याबाहेरची वाटतात का, सध्या मन उदास किंवा चिडलेले आहे का. मग ३९४ जणांना पाचपैकी एक विषाणू आणि २६ जणांना मिठाचे पाणी दिले. ताणाची पातळी जसजशी चढत गेली, तसतसा संसर्गही वाढत गेला, ७४ टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत. प्रत्यक्ष सर्दी झालेल्यांचे प्रमाण २७ वरून ४७ टक्क्यांवर गेले. धूम्रपान, दारू, झोप, आहार, व्यायाम यांचा हिशेब धरला तरी हा चढ टिकला, आणि पाचही विषाणूंबाबत तो सारखाच दिसला. या अभ्यासाचे बळ इथेच आहे: ताण आधी मोजला होता, विषाणू सर्वांना मुद्दाम दिला होता. ताणलेली माणसे गर्दीत जास्त फिरली असतील, ही पळवाटच उरली नव्हती.

निबंध ऑगस्ट १९९१ मध्ये छापून आला तेव्हा केंद्र बंद झाले होते. शेल्डन कोहेन यांनी काम पिट्सबर्गमध्ये पुढे नेले. तिथे १९९८ मध्ये दिसले, की महिनाभराहून जास्त टिकणारा ताण, मुख्यतः बेकारी आणि नात्यांतले बेबनाव, सर्दीचा धोका वाढवतो. त्याच्या आदल्या वर्षीचा निष्कर्ष अधिक दिलासा देणारा आहे: नातेवाईक, मित्र, शेजारी, सहकारी अशी ज्यांची नाती नाना तऱ्हेची होती, त्यांना सर्दी कमी झाली. २०१२ मध्ये एक कारणही पुढे आले. कॉर्टिसॉल हे संप्रेरक एरवी दाह आवरते. लांबलेल्या ताणात प्रतिकारपेशी त्याला दाद देईनाशा होतात आणि दाह वाहवत जातो. सर्दीची लक्षणे बरीचशी या दाहाचीच असतात.

या इतिहासाचा वापर आजाऱ्याला दोष देण्यासाठी होऊ नये. मन खंबीर नव्हते म्हणून आजार जडला, असे सॅलिसबरीच्या आकड्यांतून निघत नाही. नाकात विषाणूचे थेंब पडूनही, सर्वाधिक ताण असलेल्या गटातली ५३ टक्के माणसे सर्दीविना घरी गेली होती.