लांकडी खांबाचें आयुष्य

जमिनींत पुरलेला लांकडी खांब सहसा शेंड्याला कुजत नाहीं, खोल बुडाशींही कुजत नाहीं. तो कुजतो जमिनीच्या लगत. बुरशीला ओलावा आणि हवा हीं दोन्हीं एकत्र लागतात. वर ओलावा टिकत नाहीं, खोल हवा पोंचत नाहीं. दोहोंची गांठ पडते ती नेमकी या पट्ट्यांत. एकोणिसाव्या शतकांत तारायंत्रासाठीं हजारों खांब उभे राहूं लागले, तेव्हां हा वीतभर लांकडाचा प्रश्न मोठा झाला.

१८३८ सालीं फ्रान्समध्यें डॉक्टर बूशरी यांनीं एक युक्ति काढली. नुकताच तोडलेला ओंडका सालीसकट आडवा ठेवावयाचा व उंचावरील पिंपांतून मोरचुदाचें पाणी त्याच्या बुडाशीं सोडावयाचें. पाण्याच्या दाबानें झाडाचा रस दुसऱ्या टोंकानें बाहेर पडे व त्याची जागा मोरचूद घेई. परंतु जें पाण्याबरोबर आंत गेलें, तें पावसाच्या पाण्याबरोबर बाहेरही येऊं लागलें. शिवाय कांहीं बुरशी तांब्याला दाद देत नाहीं. सोमल तिला व वाळवीला मारतो. पण तोही असाच धुपून जातो.

हें कोडें सोडविलें एका भारतीयानें. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंतील सोंटी कामेशम् यांनीं १९३३ सालीं तांबें व सोमल यांच्या जोडीला क्रोमियमचा क्षार घातला. लांकडांत शिरल्यावर क्रोमियमचें रूप पालटतें आणि तें इतर दोघांना तंतूंशीं असें जखडतें कीं, तीं पुन्हां पाण्यांत सहजीं विरघळत नाहींत. तांबें बुरशी रोखतें, सोमल वाळवी रोखतो, क्रोमियम दोघांना जागेवर ठेवतें. ‘आस्कू’ या नांवानें हें मिश्रण प्रसिद्ध झालें. १९३८ मध्यें त्यास अमेरिकन पेटंटही मिळालें. स्वस्त, हलक्या जातीचें लांकूडही त्यामुळें अनेक वर्षें टिकूं लागलें.

पुढें अमेरिकेंत घरांचे सज्जे, कुंपणें, मुलांचे झोपाळे यांसाठींही तेंच हिरवट लांकूड वापरांत आलें. मात्र सोमल अगदींच सुटत नाहीं असें नव्हतें. थोडा थोडा मातींत उतरे, आणि असें लांकूड जाळल्यास धूर व राख विषारी होई. म्हणून २००३ च्या अखेरीस तेथें घरगुती कामासाठीं त्याचें उत्पादन थांबलें; विजेच्या खांबांसारख्या कामांस मुभा राहिली.

लांकूड राखणारें विष माणसापासून दूरच राखावें लागतें, हें यांतून उमगलें. तरीही जगभर लक्षावधि खांब ज्या शोधावर उभे राहिले, त्याच्या कर्त्याचें नांव आपल्याकडील सुशिक्षित घरांतही क्वचितच उच्चारलें जातें, ही उणीव मात्र भरून काढण्यासारखी आहे.