इंधन भरताना घ्यावयाची काळजी

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात मोटारीने फिरणाऱ्यास अंतराचा हिशेब ठेवावाच लागतो. तरीही काटा तळाला टेकेपर्यंत गाडी दामटण्याची सवय पुष्कळांना असते. इंजेक्शन पद्धतीच्या मोटारींत इंधनाचा विजेवर चालणारा पंप टाकीतच बसविलेला असतो आणि भोवतालचे इंधनच त्यास थंड ठेवते. टाकी वारंवार रिकामी होऊ दिल्यास हा पंप तापून लवकर निकामी होतो. पाव टाकी उरली, की इंधन भरणे इष्ट.

देशात ५ टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ साली सुरू झाले, त्यांपैकी एक मनमाडचा. आज हे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले असून, नगरच्या साखर कारखान्यांच्या मळीला त्यामुळे गिऱ्हाईक मिळाले. मात्र इथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचा अंश मर्यादेबाहेर गेला, की इथेनॉल व पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात आणि इंजिन नेमके तेच ओढते. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नये. झाकणाची रबरी चकती दरवर्षी तपासावी. जुन्या गाडीच्या रबरी नळ्याही तपासून घ्याव्यात. पंपाच्या आवारात पावसाचे पाणी तुंबले असल्यास, अथवा टँकर रिता होत असल्यास, पुढचा पंप गाठणेच शहाणपणाचे. टँकरच्या लोटामुळे भूमिगत टाकीतला गाळ ढवळून निघतो.

भेसळीचा प्रश्न केवळ इंजिनापुरता नाही. मनमाडजवळ २५ जानेवारी २०११ रोजी तेलमाफियांनी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. ग्राहकाच्या हाती असलेले उपाय साधे आहेत, पण ते फारसे कोणी वापरत नाही. १५ अंश सेल्सिअसला इंधनाची घनता किती, हे पंपावर लिहिलेले असते. प्रत्यक्ष मोजमापात तीन एककांहून अधिक फरक आढळल्यास संशयास जागा आहे. गाळणकागदावर पेट्रोलचा थेंब टाकावा. तो उडून गेल्यावर डाग राहता कामा नये. माप कमी वाटल्यास पाच लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी मागता येते. मीटर शून्यावर पाहूनच सुरुवात करू द्यावी व पावती जपून ठेवावी.

पहाटे पेट्रोल अधिक मिळते, हा समज मात्र सोडून द्यावा. भूमिगत टाकीतले तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही.

पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेऊ शकते. म्हणून इंजिन बंद करावे, धूम्रपान टाळावे, मोबाइलवर बोलू नये, दुचाकीवरून सर्वांनी उतरावे. प्लॅस्टिकच्या बाटलीतून पेट्रोल नेणे धोक्याचे आहे. नोझल आपोआप बंद झाल्यावर ‘आणखी थोडे’ म्हणून भरणे तर सर्वांत वाईट. टाकीत वाफेसाठी राखलेली जागा त्यामुळे भरते आणि वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात द्रव पेट्रोल शिरून तो निकामी होतो.

डिझेल मोटारीत चुकून पेट्रोल गेल्यास किल्ली फिरवूच नये. उच्च दाबाच्या पंपाला वंगण डिझेलचेच असते. पेट्रोलवर तो कोरडा घासला जातो. गाडी ढकलून बाजूस घ्यावी आणि टाकी रिकामी करून घ्यावी. खर्च तेवढ्यावर भागतो. सीएनजी वाहनांत गॅस भरताना सर्व प्रवाशांनी खाली उतरावे. टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करणे बंधनकारक असून, तिची तारीख टाकीला जोडलेल्या पट्टीवर पाहता येते.