कांठ शिवावा कीं विणावा?

वस्त्राचें अंग एका जातीच्या सुताचें आणि कांठ दुसऱ्या जातीचा असला, म्हणजे त्या दोहोंचा सांधा कसा करावा हा प्रश्न उभा राहतो. शिंप्याचें उत्तर सरळ असतें: पट्टी निराळी घ्यावी आणि टांके घालावे. परंतु सूत आणि कोसा धुतल्यावर सारख्या प्रमाणांत आटत नाहींत. शिवणीपाशीं चुण्या पडूं लागतात.

चांद्याकडील विणकरांनीं याचें उत्तर मागावरच काढलें. नागभीड, आरमोरी आणि शेजारच्या भंडारा जिल्ह्यांतील कांहीं गांवांत करवती कांठाचीं लुगडीं विणलीं जातात. एक धोटा अंगासाठीं आणि दोन धोटे दोन्ही कांठांसाठीं, असे तीन धोटे त्यांस लागतात. अंगाचा आडवा धागा कांठाच्या धाग्यास भेटला कीं दोन्ही एकमेकांत अडकवून माघारीं फिरवितात. भेटीची ही जागा दर ओळीस थोडी सरकते आणि करवतीसारखे दाते उमटतात. येथें सुईस कामच उरत नाहीं.

या वस्त्राचें मूळ अरण्यांत आहे. ऐन व अर्जुन या झाडांवर कोशाचे किडे पोसले जातात. ढिवर कुटुंबें त्यांस पांखरें व मुंग्या यांपासून राखतात. कोसले उकळून त्यांचा धागा मांडीवर वळून काढण्याचें काम परंपरेनें स्त्रियांकडे असे.

नागपूरचें राज्य १८५३ सालीं खालसा झालें, १८६७ सालीं तेथवर आगगाडी आली आणि १८७७ सालीं एम्प्रेस गिरणी सुरू झाली. गिरणीच्या स्वस्त कापडानें सुती हातमागाचें कंबरडें मोडलें. कोशास मात्र सोवळ्याच्या वस्त्रांत मान असल्यामुळें थोडा आधार मिळाला.

स्वतंत्र भारतांत १९८५ च्या कायद्यानें हातमागासाठीं कांहीं वस्त्रप्रकार राखून ठेवण्यांत आले. पुढें करवती कांठास भौगोलिक उपदर्शनाची नोंदही मिळाली. परंतु नोंदीनें धोटा चालत नाहीं. दाते कापडावर छापतां येतात, आणि छापील लुगडें स्वस्त पडतें. घेणाऱ्यानें कांठ उलटून पाहावा. खऱ्या करवतीचे दाते मागील बाजूसही दिसतात आणि सांध्यावर धाग्यांची गुंतवण बोटास लागते. तेवढी पारख घरोघर राहिली, तर आरमोरीच्या मागास गिऱ्हाईक राहील, आणि ऐनाच्या झाडाखालीं राखण करणाऱ्यासही.