एचआयव्ही प्रतिबंधातली परिचारिका : यवतमाळच्या उपकेंद्रापासून संशोधनापर्यंत

विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूची हकीकत आहे. अतिसाराने तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हतं. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं. भगवंतांनी पाणी ओतलं, आनंदाने अंग धुतलं आणि दोघांनी मिळून त्याला उचलून बिछान्यावर ठेवलं. ही हकीकत आपल्या प्रवचनांमधून बऱ्याचदा येते. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्याची जी पाच लक्षणं सांगितली आहेत, ती मात्र क्वचितच ऐकायला मिळतात. त्याला औषध तयार करता यावं, हितकर काय आणि अहितकर काय हे कळावं, लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने त्याने सेवा करावी, मलमूत्र, थुंकी, वांती उचलताना किळस वाटू नये, आणि वेळोवेळी बोलून रुग्णाला समज व उमेद देता यावी. हे पाचवं लक्षण म्हणजे आज ज्याला समुपदेशन म्हणतात ते. एचआयव्ही प्रतिबंधाचं निम्मं काम त्यातच आहे.

आपल्या समाजातल्या पुष्कळ मुली एएनएम, जीएनएम करतात. त्यातल्या बहुतेकींची वाट खाजगी दवाखान्यातल्या तुटपुंज्या पगाराच्या नोकरीपाशी किंवा कंत्राटी पदापाशी थांबते. सामुदायिक आरोग्य, अध्यापन आणि संशोधन असा एक रस्ता पुढे जातो, याची माहिती त्यांना कोणी देत नाही. म्हणून हा लेख.

यवतमाळ जिल्हा आणि हे काम

2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या 27 लाख 72 हजार आहे आणि तालुके 16. वणी परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. पांढरकवड्यावरून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो, म्हणजे ट्रकचालक, ढाबे, मुक्काम. पुसद, उमरखेडकडच्या तांड्यांवरून माणसं महिनोन्‌महिने कामाला बाहेर जातात. झरी-जामणी, केळापूरकडे कोलाम आणि गोंड वस्ती आहे. एचआयव्हीची जोखीम घरापासून लांब राहणाऱ्या मजुराबरोबर प्रवास करते आणि घरी थांबलेल्या बाईपर्यंत पोचते, तिने स्वतः कसलीही जोखीम घेतलेली नसताना.

त्या बाईला पहिल्यांदा भेटते ती उपकेंद्रातली नर्सबाई. गरोदरपणाच्या तपासणीत एचआयव्ही आणि सिफिलिस या दोन्ही चाचण्या होतात. बोट टोचून केलेली चाचणी केवळ प्राथमिक असते. ती संशयित आली तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीत, खात्रीची तपासणी होते. निदान पक्कं झालं की आईला एआरटी म्हणजे विषाणूरोधक औषधं लगेच सुरू होतात आणि ती आयुष्यभर घ्यायची असतात. बाळाला जन्मल्याबरोबर नेव्हिरापिनचं सिरप, साधारण सहा आठवडे. सहाव्या आठवड्यात बाळाच्या रक्ताचे थेंब कागदावर वाळवून तपासणीला जातात आणि शेवटचा निर्वाळा अठराव्या महिन्यात मिळतो. या दीड वर्षात ते कुटुंब कुठल्या गावी, कुठल्या कामावर असेल, हे त्या बाईला सोडून कोणाला ठाऊक असतं? ती टिकून राहावी म्हणून धडपडते ती परिचारिका, तिच्यासोबत समुपदेशक आणि आशा.

भाषेची एक अडचण इथे सांगायलाच हवी. माहितीपत्रकं प्रमाण मराठीत येतात. ऐकणारी बाई मात्र वऱ्हाडी बोलते, तांड्यावर गोरमाटी बोलते, पोडावर कोलामी. ‘असुरक्षित लैंगिक संबंध’ हा शब्दप्रयोग ऐकून समोरची बाई मान डोलावते आणि काहीच न समजता घरी जाते. चांगली परिचारिका तेच तिच्या बोलीत, सासू खोलीबाहेर गेल्यावर सांगते. हे कौशल्य कोणत्याही गुणपत्रिकेवर उमटत नाही.

लैंगिक आरोग्यावर उघड बोलणं म्हणजे चावटपणा, असं आपल्याकडेही काही ज्येष्ठांना वाटतं. त्यांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ‘समाजस्वास्थ्य’मधून उत्तरं दिली म्हणून 1934 साली र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेब कोणत्या बाजूला उभे होते हे स्पष्ट आहे. त्याही आधी, 1897 च्या प्लेगात आजाऱ्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणणाऱ्या सावित्रीबाई त्याच आजाराने गेल्या. संसर्गाच्या भीतीपुढे माणसाला न सोडणं ही आपल्या परंपरेतली गोष्ट आहे, बाहेरून आणावी लागत नाही.

संशोधन : श्रेय कुणाचं?

भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण 1986 मध्ये चेन्नईत आढळले. 1992 मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच वर्षी पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे नारी, स्थापन झाली. सरकारी मोफत औषधं मिळायला 1 एप्रिल 2004 उजाडावा लागला. मधल्या बारा वर्षांत परिचारिकेच्या हातात औषध नव्हतं. होतं ते फक्त बोलणं, निरोध आणि हातमोजे.

आज आपण ज्या ज्ञानावर चालतो, त्यातलं काही महाराष्ट्रात तयार झालं आहे. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाने इथिओपिया आणि युगांडातल्या केंद्रांसह एक अभ्यास केला, तो 2008 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. स्तनपान करणाऱ्या बाळांना नेव्हिरापिनचा एकच डोस द्यावा की सहा आठवडे रोज द्यावं, हा प्रश्न होता. सहा आठवड्यांच्या वयाला एक डोस मिळालेल्यांत 5.3 टक्के बाळांना लागण झालेली होती, रोज औषध मिळालेल्यांत 2.5 टक्के. सहा महिन्यांनी मात्र हा फरक निर्णायक राहिला नाही, आणि तेही संशोधकांनी तसंच मांडलं.

दुसरा अभ्यास ‘एचपीटीएन 052’. नऊ देशांतली 1763 जोडपी, एक जोडीदार बाधित आणि दुसरा नाही. भारतातली केंद्रं पुणे आणि चेन्नईत होती. 2011 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षात बाधित जोडीदाराकडूनच झालेल्या 28 लागणींपैकी 27 औषध उशिरा सुरू केलेल्या गटात होत्या. नियमित औषधाने रक्तातला विषाणू दबला तर जोडीदारही सुरक्षित राहतो, ही आजची समज मुख्यतः अशा अभ्यासांवर उभी आहे. 2017 पासून भारतात निदान होताच औषध सुरू करण्याचं धोरण आलं.

अशा अभ्यासात जोडपं वर्षानुवर्षं परत येत राहतं ते कुणाच्या विश्वासावर? संमतीपत्र समजावून सांगणं, रक्त घेणं, गोळ्या मोजणं, घरी भांडण झालं तर ऐकून घेणं, ही कामं परिचारिका आणि समुपदेशक करतात. शोधनिबंधाच्या लेखकांत मात्र डॉक्टरांची नावं असतात आणि यांचे आभार शेवटच्या परिच्छेदात मानले जातात. जातिव्यवस्थेतली श्रमविभागणी ओळखणाऱ्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

दोष एका बाजूचाच नाही. नर्सिंगच्या एम. एस्सी.चे पुष्कळ प्रबंध एकाच साच्यातले असतात. ‘नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता’ असं शीर्षक, आधी एक प्रश्नावली, मग भाषण आणि तक्ते, सात दिवसांनी पुन्हा तीच प्रश्नावली. गुण वाढतात. ते वाढणारच! पण त्या भाषणानंतर कोणी चाचणीला गेलं का, नवऱ्याला घेऊन आलं का, हे तपासलेलं नसतं. प्रबंध ग्रंथालयात जातो आणि गाव होतं तिथेच राहतं. परिचर्या शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी हा साचा मोडला पाहिजे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

रस्ता कसा आहे

जीएनएम तीन वर्षांचं, त्यानंतर पोस्ट बेसिक बी. एस्सी. दोन वर्षं, किंवा बारावी विज्ञाननंतर थेट चार वर्षांची बी. एस्सी. नर्सिंग. पुढे दोन वर्षांच्या एम. एस्सी.त ‘सामुदायिक आरोग्य परिचर्या’ ही स्वतंत्र शाखा आहे. बहुतेकींचा ओढा वैद्यकीय-शल्य शाखेकडे असतो, कारण परदेशी नोकरी. त्यात गैर काही नाही. पण गावाशी नातं असलेल्या मुलीचं बळ सामुदायिक शाखेतच जास्त उपयोगी पडतं. त्यानंतर पीएच.डी. बौद्धांना 1990 च्या दुरुस्तीने केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या आहेत. पीएच.डी.साठी ‘बार्टी’ची अधिछात्रवृत्ती आहे, परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. कागदपत्रं, विशेषतः जात वैधता प्रमाणपत्र, बारावीतच काढून ठेवावं. ऐनवेळी धावपळ करून वर्ष गमावलेल्या मुली आम्ही पाहिल्या आहेत.

कायदाही माहीत असावा. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा 2017 चा आहे आणि तो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. संमतीशिवाय चाचणी नाही, ओळख उघड करायची नाही, उपचार, नोकरी, शिक्षण किंवा घर नाकारायचं नाही. खाटेवर खूण करणं किंवा फाइलवर लाल शाईने लिहिणं हे गोपनीयता मोडणं आहे. हाच कायदा परिचारिकेलाही संरक्षण देतो. संरक्षक साधनं आणि सुई टोचल्यास प्रतिबंधक औषध पुरवणं ही संस्थेची जबाबदारी आहे. ते औषध शक्यतो दोन तासांत, फार तर 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायचं असतं. कंत्राटी मुलींना बहुधा हे सांगितलेलंच नसतं, आणि नोकरी जाईल या भीतीने त्या टोचल्याचंही बोलत नाहीत. शंका असेल त्याने 1097 या मोफत क्रमांकावर विचारावं.

यवतमाळात अभ्यासायला विषयांची वाण नाही. बाहेरगावी कामाला गेलेल्या आईच्या बाळाची अठराव्या महिन्याची तपासणी होते का, नसेल तर नेमकी कुठे अडते? कोलामीत किंवा गोरमाटीत दिलेल्या समुपदेशनाने नवरे चाचणीला जास्त येतात का? महिन्याच्या औषधासाठी पोडावरून एआरटी केंद्रापर्यंत जायला किती मजुरी बुडते? ही उत्तरं काढायला महागडं यंत्र लागत नाही. लागते ती बोली जाणणारी आणि नोंदी नीट ठेवणारी परिचारिका, आणि शोधनिबंधावर तिचं नाव पहिलं लिहू देणारा मार्गदर्शक.